ग्लेनरिओ: सीमारेषेवर बसलेलं गुरांचं गाव

अमेरिकेतल्या रूट ६६ या जुन्या हायवेवरच्या पडक्या मोटेलचे फोटो बघताना ग्लेनरिओ हमखास समोर येतं, पण हे गाव मुळात हायवेचं नाहीच, गुरांचं आहे. टेक्सास आणि न्यू मेक्सिकोच्या सीमेवर, म्हणजे अक्षरशः रेषेवरच. ग्लेन म्हणजे दरी, रिओ म्हणजे स्पॅनिशमध्ये नदी, आणि तिथे जाऊन बघाल तर दोन्ही नाही, नुसता सपाट गवताळ माळ!

१८८० च्या दशकात टेक्सास सरकारकडे पैसा कमी आणि जमीन चिक्कार, म्हणून राजधानी ऑस्टिनचं विधानभवन बांधून घेतलं आणि कंत्राटदारांना मोबदला म्हणून ३० लाख एकर देऊन टाकले. सीमेच्या कडेकडेने पसरलेली एक्सआयटी रँच, म्हणजे गुरं पाळायची अवाढव्य जागा, ती हीच. पुढे ती तुकड्या-तुकड्याने विकली गेली, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रॉक आयलंड रेल्वे आली, छोटे शेतकरी आले आणि ग्लेनरिओ स्टेशनातून गुरं डब्यात भरून जायला लागली.

१९२६ मध्ये रूट ६६ जाहीर झाला आणि मग खरी गंमत. टेक्सासच्या बाजूच्या डेफ स्मिथ काउंटीत (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखं) दारूबंदी, त्यामुळे बार सगळे न्यू मेक्सिकोत, तिकडे पेट्रोलवर टॅक्स जास्त, त्यामुळे पंप सगळे टेक्सासमध्ये. रेल्वेने टपाल यायचं टेक्सासच्या स्टेशनात आणि पोस्ट ऑफिस न्यू मेक्सिकोत, म्हणजे थैली उचलायची आणि दुसऱ्या राज्यात नेऊन टाकायची. घड्याळातसुद्धा दोन्हीकडे एक तासाचा फरक. मोटेलच्या पाटीवर एका बाजूने ‘टेक्सासमधलं पहिलं’ आणि दुसऱ्या बाजूने ‘टेक्सासमधलं शेवटचं’, तुम्ही कुठून येताय त्यावर. माणसं हुशार होती राव.

१९७० च्या दशकात इंटरस्टेट ४० हा नवा महामार्ग गावाला वळसा घालून गेला आणि धंदा बसला. १९८० मध्ये रॉक आयलंड रेल्वेच बंद पडली, म्हणजे ज्या रुळांमुळे गाव झालं तेही गेलं. २००७ मध्ये गावाची राष्ट्रीय वारसा नोंदवहीत नोंद झाली, तोवर राहायला जवळजवळ कोणी उरलं नव्हतं.

आणि मग २०२२ ला न्यू मेक्सिकोत हौसेखातरही गांजा विकणं कायदेशीर झालं, टेक्सासमध्ये नाही. ग्लेनरिओत रेषेच्या पश्चिमेला, पूर्वी बार होते त्याच बाजूला, आता गांजाचं दुकान आहे.