जरा कणकण आहे, एवढंच

कॅन्सरवरची पहिली केमो घेऊन घरी निघालेल्या आजींना सिस्टर विचारतात, "आजी, ताप आला तर काय कराल?"

"तापाची गोळी घेईन, पांघरूण घेऊन पडेन."

एरवी हे उत्तर चुकीचं नाही. केमोनंतर मात्र ते जिवावर बेतू शकतं. केमोची औषधं भराभर विभागणाऱ्या पेशींवर घाव घालतात, मग त्या गाठीतल्या असोत की अस्थिमज्जेतल्या. जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी या मज्जेतच तयार होतात आणि रक्तात जेमतेम दिवसभर टिकतात. उत्पादन मंदावलं की साठा आटतो. बऱ्याच केमोंमध्ये साधारण ७ ते १४ दिवसांनी तो तळाला जातो, म्हणजे नेमका रुग्ण घरी असताना.

त्यात आणखी एक अडचण आहे. जखमेतला पू, बरीचशी लाली, सूज ही याच पेशींच्या लढाईची चिन्हं. पेशीच नसतील तर चिन्हंही फारशी दिसत नाहीत. कित्येकदा ताप हीच एकमेव खूण उरते आणि गोळी घेतली की तीही झाकली जाते.

म्हणून सिस्टर आकडा देतात: १००.४ अंश फॅरनहाइट. कपाळाला हात लावून नव्हे, थर्मामीटरने मोजून. तेवढा ताप दिसला की मध्यरात्र असली तरी फोन करून रुग्णालय गाठायचं. तिथे पोचल्यापासून तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हावं, असा डॉक्टरांचा प्रयत्न असतो. आपला ‘कणकण’ हा शब्द मला इथे फार घातक वाटतो. त्यात ताप असतोही आणि नसतोही.

पण सांगितलेलं लक्षात राहतं का? रॉय केसल्स या डच मानसशास्त्रज्ञाने २००३ साली घेतलेल्या आढाव्यानुसार डॉक्टर-नर्सनी सांगितलेल्यापैकी ४० ते ८० टक्के माहिती रुग्ण लगेच विसरतात. भेदरलेलं मन ‘कॅन्सर’ या एका शब्दापाशीच अडकतं. "समजलं ना?" असं विचारलं तर आपली माणसं भिडेखातर "हो" म्हणतात. त्यामुळे जाणत्या सिस्टर वेगळं विचारतात: "घरी सुनेला हे कसं सांगाल, ते मला सांगा." यात परीक्षा रुग्णाची नसते, सिस्टरच्या समजावण्याची असते. उत्तर अडखळलं तर त्या सोप्या शब्दांत पुन्हा सांगतात.

परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात परराज्यांतूनही रुग्ण येतात. गावी परतलेल्याला ताप आला तर परळ हाकेच्या अंतरावर नसतं. मग जवळचं मोठं रुग्णालय कोणतं, रात्री गाडी कुणाची मिळेल, हेही इथेच ठरवून ठेवावं लागतं.

आजी दुसऱ्यांदा म्हणतात, "गोळी नाही घ्यायची. आधी मोजायचा, मग लेकाला उठवायचं."

"घरात थर्मामीटर आहे का? आणि तो वाचता कुणाला येतो?"