सात-बाराचा वाद, सात-अकराचा अर्ज

जमिनीच्या दाव्याचे समन्स हातात पडले की प्रतिवादीचा वकील हल्ली कैफियतीआधी, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर देण्याआधी, ऑर्डर ७ रूल ११ चा अर्ज टाकतो. पुरावा नको, साक्ष नको, वादपत्रच, म्हणजे वादीने दाव्यासाठी दिलेला मूळ कागदच, नामंजूर करा, एवढीच मागणी. तरतूद १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतली. तिला धार आली ती १९७७ मध्ये. शब्दांच्या चलाखीने उभे केलेले वादकारण, म्हणजे दावा लावण्याचे कारण, पहिल्याच टप्प्यावर मोडून काढा, असे सर्वांत वरच्या न्यायालयाने बजावले. अर्ज ठरवताना फक्त वादपत्र वाचायचे, कैफियत बघायची नाही, हे २००२ मध्ये पक्के झाले.

महाराष्ट्रात यासोबत याच संहितेत राज्याने घातलेले कलम ९-अ होते, तेही १९७७ चेच. अधिकारक्षेत्राचा आक्षेप आधी निकाली, मनाई हुकूम नंतर. त्या एका मुद्द्यावरच साक्षीपुरावे चालत आणि दावा तिथेच अडकून पडे. २०१८ मध्ये ते कलम गेले.

खरी खळबळ सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालाने उडवली. जमीन सुरतची. २००९ चे नोंदणीकृत खरेदीखत, किंमत १ कोटी ७४ लाखांवर, त्यापोटी ३६ चेक. विकणाऱ्यांचे म्हणणे, सहाच वटले आणि हाती आले अवघे ४० हजार. खरेदीखत रद्द करण्याचा त्यांचा दावा मात्र डिसेंबर २०१४ चा, आणि तोवर जमीन पुढे तिसऱ्याला विकली गेलेली. न्यायालयाने सांगितले, किंमत मिळाली नाही म्हणून खरेदीखत रद्द होत नाही. पैशांसाठी वेगळा दावा लावा. खरेदीखत रद्द करून मागण्याची मुदत तीन वर्षांची, ती २०१२ मध्येच संपली. फसवणूक २०१४ मध्ये कळली हे वादींचे म्हणणे देखावा ठरले. आम्ही अंगठेबहाद्दर, लिहितावाचता येत नाही, असे त्यांनी वादपत्रातच म्हटले होते. अशा माणसाला व्यवहार नेमका कधी उमगला, हे उलटतपासणीशिवाय कसे ठरते, हा प्रश्न राहतोच. खरेदीदारांच्या वकिलांना मात्र हा निकाल तोंडपाठ आहे.

मुदत हा वस्तुस्थिती आणि कायदा यांचा मिश्र, म्हणजे पुरावा लागणारा, प्रश्न आहे, असे त्यानंतरच्या काही निकालांनी पुन्हा सांगितले. ताबा मागणाऱ्या मालकाला बारा वर्षे मिळतात, म्हणून वादपत्रात मागणी कशी मांडली यावर बरेच काही ठरते. वादपत्र नामंजूर झाले तरी ऑर्डर ७ चाच रूल १३ नव्या दाव्याला आडकाठी करत नाही. पण जो दावा मुदतबाह्य म्हणून गेला, त्याला ही सवलत कागदावरचीच. मग उरते अपील, कारण नामंजुरीचा हुकूम कायद्याने हुकूमनामाच (डिक्री) मानला जातो, आणि हुकूमनाम्यावर अपील करता येते.