जायंट सिकोइयाच्या हंगामी क्षेत्र-अभ्यासासाठी संशोधन परवाना: पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची रीत

जायंट सिकोइया हा सूचिपर्णी वृक्ष नैसर्गिकरीत्या फक्त कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वताच्या पश्चिम उतारावर वाढतो. त्याचा अभ्यास सिकोइया आणि किंग्ज कॅनियन या राष्ट्रीय उद्यानांत करायचा असेल, तर अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेकडून वैज्ञानिक संशोधन व संकलन परवाना घ्यावा लागतो. नुसती झाडे पाहत हिंडायला तो लागत नाही. पण अभ्यासासाठी जमिनीत खुंटी ठोकायची, रोपांना क्रमांकाची पट्टी बांधायची किंवा एखादा शंकू (बी धरणारे लाकडी बोंड) उचलून न्यायचा म्हटले की परवान्याशिवाय गत्यंतर नाही.

अर्ज केव्हा करावा, हे बऱ्याच अंशी हे झाडच ठरवते. सिकोइयाचे हिरवे शंकू सुमारे 20 वर्षेही बंद अवस्थेत फांदीवर टिकतात. खालच्या आगीची धग वर पोहोचली की ते वाळून उघडतात आणि त्यांतले चपटे, जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचे बी पालापाचोळा जळून उघड्या पडलेल्या मातीवर गळते. 2020 ची कॅसल आग आणि 2021 च्या केएनपी कॉम्प्लेक्स व विंडी या आगी मात्र इतक्या तीव्र होत्या की हजारो मोठी झाडेच मेली, आणि अशा राईंमध्ये पुरेशी नवी रोपे उगवत आहेत का, हा प्रश्न त्यामुळे ऐरणीवर आला. पहिल्या उन्हाळ्यात मुळे खोल जाण्यापूर्वीच माती सुकून बरीच रोपे मरतात, म्हणून बर्फ वितळल्यावर जूनच्या सुमारास एक आणि कोरडा काळ सरताना सप्टेंबरमध्ये दुसरी, अशा दोन मोजण्या केल्यास चित्र स्पष्ट होते. उद्यान सेवा पहिल्या क्षेत्रभेटीच्या किमान 90 दिवस आधी अर्ज करण्याची शिफारस करते आणि संवेदनशील ठिकाणांसाठी त्याहूनही अधिक काळ लागू शकतो. जूनसाठी मार्चमध्ये अर्ज करणे नियमात बसत असले, तरी माझ्या मते डिसेंबर हाच योग्य महिना आहे.

पात्रतेची अट मोजकी आहे. अर्जदाराकडे असा अभ्यास करण्याची अर्हता व अनुभव असावा, अथवा तो मान्यताप्राप्त वैज्ञानिक किंवा शैक्षणिक संस्थेचा प्रतिनिधी असावा. नमुने गोळा करायचे असल्यास मात्र संस्थेचे किंवा शासकीय यंत्रणेचे अधिकृत प्रतिनिधित्व आवश्यक असते. विद्यार्थ्याने आपल्या मार्गदर्शकांना मुख्य संशोधक म्हणून दाखवणे श्रेयस्कर. हा परवाना म्हणजे व्हिसा नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. यजमान विद्यापीठामार्फत जे-1 या विनिमय-अभ्यागत व्हिसावर जाणाऱ्यांना त्या विद्यापीठाकडून डीएस-2019 हे प्रमाणपत्र आणि त्यानंतर डीएस-160 हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज, ही वाट स्वतंत्रपणे चालावी लागते.

अर्ज उद्यान सेवेच्या ऑनलाइन प्रणालीत भरायचा असतो. त्यासोबत सविस्तर संशोधन प्रस्ताव, मुख्य संशोधकाचा परिचय, प्रस्तावाचे तज्ज्ञ परीक्षण झालेले असल्यास त्याच्या प्रती, आणि नमुने कायमस्वरूपी जिथे ठेवले जातील त्या संग्रहालयाचा किंवा वनस्पतिसंग्रहाचा तपशील द्यावा. यांत खरी कसोटी प्रस्तावातील कार्यपद्धतीच्या भागाची असते. ‘आवश्यकतेनुसार काही शंकू गोळा केले जातील’ असे लिहिले, तर उलट प्रश्न येणारच. ‘चार भूखंडांतून (अभ्यासासाठी आखलेल्या तुकड्यांतून) प्रत्येकी 10, असे जमिनीवर पडलेले 40 शंकू, जिवंत फांदीवरचा एकही नाही’ असे लिहिले, तर परीक्षकाला परिणामाचा अंदाज तिथल्या तिथे बांधता येतो. भूखंडांची स्थाननिश्चिती, खुणांचा प्रकार, त्या कधी काढणार, सोबत किती माणसे असतील आणि खोडाचा गाभानमुना (आतल्या लाकडाची बारीक कांडी) घ्यायचा असल्यास कोणत्या व्यासाच्या बोअरने, म्हणजे पोकळ गिरमिटाने, हे सारे याच भागात यावे. या उद्यानांचा 90 टक्क्यांहून अधिक भाग कायद्याने संरक्षित वन्यक्षेत्र आहे. तिथे अधीक्षकांच्या खास मंजुरीशिवाय यांत्रिक उपकरणे वापरता येत नाहीत, तेव्हा ड्रिल किंवा ड्रोन गृहीत धरून आखणी करू नये.

मंजुरीनंतर परवान्याच्या सर्वसाधारण अटींवर मुख्य संशोधकाची स्वाक्षरी होते. परवाना दुसऱ्याच्या नावे करता येत नाही, काम सुरू करण्यापूर्वी उद्यानाच्या संशोधन समन्वयकांना कळवावे लागते आणि अभ्यास संपल्यावर प्रत्येक खूण उपटून न्यावी लागते. गोळा केलेले नमुने अमेरिकी संघराज्य शासनाचीच मालमत्ता राहतात. बी भारतात आणायचे असल्यास त्या शासनाच्या संमतीखेरीज 2003 च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार आयात परवाना आणि निर्यातदार देशाचे वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र हेही लागते, आणि या कामाला वेळ जातो.

दरवर्षी संशोधकाचा वार्षिक अहवाल त्याच प्रणालीत भरणे बंधनकारक आहे. वणव्यामुळे रस्ते बंद राहून संपूर्ण हंगामात एकही रोप मोजता आले नसेल, तरीही काम झाले नाही असे नमूद करून तो भरावाच लागतो, कारण थकलेला अहवाल पुढच्या हंगामाच्या परवान्याला आडवा येतो.