कोल्हापुरी बोलीतील ‘मी खाल्लो’

भूतकाळी सकर्मक क्रियापद कर्माऐवजी कर्त्याशी जुळवून घेण्याची कोल्हापूर व आसपासच्या मराठीतील लकब. प्रमाण मराठीत ‘मी भाकरी खाल्ली’, ‘मी आंबा खाल्ला’ असा कर्मणी प्रयोग होतो. खाणारा पुरुष की बाई, याचे क्रियापदाला सोयरसुतक नसते. कोल्हापुरी बोलीत मात्र ‘मी भाकरी खाल्लो’, ‘मी काम केलो’ अशी रूपे ऐकू येतात.

कपिलतीर्थ मंडईत भाजीवालीला ‘जेवलासा काय, मावशी?’ असे विचारावे, तर ‘व्हय, आत्ताच भाकरी खाल्लो’ असे उत्तर येऊ शकते. भाकरी स्त्रीलिंगी, पण क्रियापदाने तिची दखल घेतलेली नाही. बोलणारीही बाईच, तरी रूप ‘खाल्ले’ नाही. कारण इथे बायकाही ‘मी येतो’, ‘मी आलो’ म्हणतात; हा ‘-ओ’ पुरुषाचा राहिलेला नाही, तो नुसता ‘मी’चा झाला आहे. कन्नडमध्येही ‘नानु बंदे’ (मी आलो, मी आले) हे दोघांचे एकच रूप, आणि सकर्मक क्रियापदही तिथे कर्त्याशीच जुळते. त्यामुळे दोन्ही लकबींचे मूळ कन्नडच्या शेजारात शोधले जाते. भाषा-अभ्यासक जॉन गम्पर्झ व रॉबर्ट विल्सन यांचा १९७१ चा अभ्यास सांगली-मिरजेजवळच्या कुपवाडचा. तिथल्या मराठी, कन्नड आणि उर्दूची वाक्ये एकाच साच्यातून निघाल्यासारखी होती: मराठीत ‘पाला जरा कापून घेऊन आलो’, तर उर्दूत ‘पाला जरा काट के ले के आया’.

शेजारानेच सगळे उलगडते असे नाही. पिणे, शिकणे, विसरणे ही सकर्मक क्रियापदे प्रमाण मराठीतही कर्त्यामागेच जातात: ‘मी चहा प्यालो’, ‘मी धडा शिकलो’. ‘प्यालो’ शुद्ध आणि ‘खाल्लो’ गावंढळ, हा भेद व्याकरणाचा कमी, कानाच्या सवयीचा जास्त.

भाषाशास्त्रज्ञ मायकेल सिल्व्हरस्टीन यांनी १९७६ मध्ये कोणत्या कर्त्याला खूण लागते याची एक श्रेणी, म्हणजे उतरंड, मांडली. तिच्यानुसार सकर्मक कर्त्याची (‘ने’सारखी) खूण ‘मी’, ‘तू’ यांना लागण्याची शक्यता सर्वांत कमी. मराठीत ‘त्याने’ होते, पण ‘मी’ला ‘ने’ लागत नाही. इथवर श्रेणी पटते. तरीही ‘मी भाकरी खाल्ली’मध्ये जुळणी भाकरीशीच. म्हणजे विभक्ती एक सांगते आणि क्रियापद दुसरेच. ‘तू कविता लिहिलीस’ तर त्याहून अवघड: ‘-ली’ कवितेची, ‘-स’ तुझा. आपल्या व्याकरणाने याला कर्तृ-कर्मसंकर म्हटले आहे. क्रियापद एका वेळी एकाच पदाशी जुळते, असे गृहीत धरणाऱ्या कोणत्याही सिद्धान्ताला हे वाक्य अडते. ‘तू कविता लिहिलास’ म्हणणारा कोल्हापूरकर हा संकरच मोडून टाकतो. कर्नाटक सीमेलगत ‘तो काम केला’ असेही कानी पडते. तिथे ‘ने’ही गळालेला असतो आणि कर्मणी प्रयोगाची खूणच उरत नाही.