माळवदही सपाट, गच्चीही सपाट. पण दोघांचा संबंध काय?

सोलापूर, बीड किंवा नगरकडून पुण्यात आलेल्या पाहुण्यांना सोसायटीची गच्ची दाखवली की हमखास ऐकू येतं, "आमच्याकडे पूर्वीपासून असंच. माळवद!" वरवर पाहता पटतंही. दोन्हीकडे सपाट छत, दोन्हीकडे वाळवणं, दोन्हीकडे उन्हाळ्यात अंथरूण. पण सोसायटीची गच्ची माळवदापासून आलेली नाही.

माळवद (खानदेशात धाबं) हे कमी पावसाच्या मुलखाचं छप्पर. जाड भिंती, लाकडी खांब, त्यावर तुळया, वर कड्या (बारीक आडवी लाकडं), कड्यांवर लाकडाच्या चिपा आणि पाला, आणि सगळ्यात वर चोपून बसवलेली पांढरी माती. चार सरी येऊन गेल्या तर पाणी पन्हळीतून खाली जातं, आत मुरत नाही. पाऊसच बेताचा, मग उतार कशाला? वर जाड मातीचा थर, त्यामुळे भर उन्हातही घर गार.

आता पुणे जिल्हा बघा. लोणावळ्याला वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या वर पाऊस, शहरात साधारण ७०० ते ७५०, आणि दौंड-इंदापूरकडे ५०० च्या आसपास. त्याप्रमाणे पश्चिमेकडे मुळशी-वेल्ह्यात उतरती छपरं, पूर्वेकडे माळवदं. शहरातल्या पेठांमध्ये वाड्यांवर बहुतेक कौलंच. म्हणजे शहरातल्या इमारतींचं छप्पर जर परंपरेनं ठरलं असतं, तर कोथरूडच्या इमारतींवर आज कौलं दिसायला हवी होती. १२ जुलै १९६१ च्या पानशेत पुरात नदीकाठचे कितीतरी वाडे पडले, पुढच्या दशकांत शहर फ्लॅटमध्ये राहायला गेलं, आणि कौलं वाड्यांबरोबरच मागे राहिली. पाऊस मात्र तेवढाच पडत होता.

फ्लॅटच्या गच्चीचं कारण पावसात नाही, बांधकामात आहे. गच्ची म्हणजे न बांधलेल्या पुढच्या मजल्याची जमीन. पाच मजल्यांचे पाच स्लॅब ज्या सेंट्रिंगच्या (ओलं काँक्रीट पेलणाऱ्या साच्याच्या) प्लेटा, ज्या टेकूंवर आणि ज्या मिस्त्रीच्या हातून पडले, त्यांच्याकडूनच सहावाही पडतो. उतरतं छप्पर करायचं तर वेगळा सांगाडा, वेगळे कारागीर. त्यातून इमारत रुंद. २० मीटर रुंदीवर ३० अंशांचा उतार दिला तर मधलं आढं, म्हणजे छपराचा माथा, जवळपास ६ मीटर वर जातं. म्हणजे दोन मजल्यांची उंची छपराच्या पोटात गेली आणि विकायला काहीच नाही. असं छप्पर कुठला बिल्डर घालेल? शिवाय महापालिकेचं पाणी आधी जमिनीतल्या टाकीत येतं, तिथून पंपानं वर चढतं. वरची टाकी, लिफ्टची मशीन रूम, सोलरचे बंब, हे सगळं कौलांवर कुठे ठेवणार?

आणि गच्ची दिसते तितकी सपाट नसतेच. स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा घालून साधारण १०० ला १ असा ढाळ काढतात, म्हणजे १० मीटरला १० सेंटिमीटर. कठड्याच्या मुळाशी गोलाई देऊन 'वाटा' मारतात. लोक म्हणतात "स्लॅब गळतोय", पण बऱ्याचदा तडकलेला असतो कोबा, किंवा पाइपाच्या तोंडाशी पाला अडकून पाणी तुंबलेलं असतं. माळवदाची मालकीण दर वर्षी मिरगाच्या आधी नवी माती टाकून घ्यायची. सोसायटीत हीच गोष्ट वार्षिक सभेत वर्गणीवरून तीन वर्षं लांबते. शेवटी कंटाळून वर पत्र्याची शेड ठोकतात. महाबळेश्वर-लोणावळ्याच्या इमारतींवर अशा शेडी पाहिल्या की स्लॅब पावसासाठी नव्हता हे लगेच कळतं.

उन्हाचा हिशेबही उलटा. पाच-सहा इंचांचं काँक्रीट दिवसभर तापतं आणि रात्री ती उष्णता शेवटच्या मजल्यावर सोडत बसतं. म्हणून तर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचं चायना मोझॅक किंवा पांढरा रंग. एप्रिलमध्ये वरच्या मजल्यावरच्या माणसाला माळवदाचे गोडवे ऐकवू नयेत.

सगळ्यात महागात पडणारा गोंधळ वजनाचा. "माळवदावर फूटभर माती असायची, मग आपल्या गच्चीवर बाग का नको?" असं लोक विचारतात. फूटभर मातीचं वजन चौरस मीटरला सुमारे ५०० किलो, ओली झाली की आणखी जास्त. आणि माळवदालाही ते वजन फुकट पडत नव्हतं. दर वर्षी माती चढत गेली की थर जाड होत जायचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा दगडमातीच्या भिंती ढासळल्या आणि वरची जड छपरं झोपलेल्या माणसांवर आली. हजारो लोक गेले.

फ्लॅटची गच्ची साधारणपणे चौरस मीटरला १५० किलो वापराचा भार धरून काढलेली असते: माणसं, खुर्च्या, थोड्या कुंड्या. दहा हजार लिटरच्या टाकीत नुसतं पाणीच दहा टन, पण ती मोकळ्या स्लॅबच्या मधोमध ठेवत नाहीत. तिचं वजन तुळया आणि कॉलमवर उतरेल अशी जागा नकाशातच ठरलेली असते. गच्चीवर मातीचे वाफे करायचे असतील तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. नाहीतर कॉलमच्या आणि बीमच्या रेषेत कुंड्या मांडा, कोकोपीटसारखं (नारळाच्या काथ्याचा भुसा) हलकं मिश्रण वापरा, आणि पाइपाची तोंडं मोकळी सोडा.