दाब नेमका कुठून निसटतो?

पहाटे पिंपळगाव बसवंतच्या बाजारात कांदा पोहोचवणारी एखादी पंधरा वर्षांची डिझेल पिकअप डिसेंबरात सेल्फला दाद देत नाही, नुसता पांढरा धूर सोडते, आणि ढकलून एकदा सुरू झाली की दिवसभर बऱ्यापैकी चालते. मालक बॅटरी बदलतो, नॉझल तपासून आणतो, तरी दुसऱ्या पहाटे तीच रड असते. अशा वेळी संशय कॉम्प्रेशनवर, म्हणजे सिलिंडरात हवा दाबली जाण्यावर घ्यावा.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबून तापलेली हवाच इंधन पेटवते. 10 अंश सेल्सिअसची हवा अठराव्या हिश्श्यात कोंबली, तर कागदावरच्या हिशेबाने ती 600 अंशांच्या वर जाते, पण प्रत्यक्षात थंड लोखंड त्यातली बरीच उष्णता ओढून घेते आणि काही हवा फटींतून निसटते. सेल्फवर मिनिटाला 200 फेरे होत असताना पिस्टनला तळातून माथ्यावर यायला 0.15 सेकंद लागतात. 2000 फेऱ्यांवर 0.015 सेकंद पुरतात, म्हणजे त्याच फटीतून निसटायला हवेला दहावा हिस्साच वेळ मिळतो. चालू झालेली गाडी निरोगी वाटते ती यामुळे. पांढरा धूर हा बहुतांशी न पेटलेल्या डिझेलचा असतो.

हीटर प्लगच्या किंवा नॉझलच्या भोकात गेज लावून चारही सिलिंडरांचा दाब मोजला की आजारी सिलिंडर कळतो, आजार मात्र कळत नाही. पेट्रोल इंजिनात चमचाभर ऑइल ओतून पुन्हा दाब मोजण्याची रीत आहे. डिझेलमध्ये पिस्टनच्या माथ्यावर जागाच इतकी थोडी असते की ऑइलने आकडा फसवा वाढतो, त्यामुळे ती येथे टाळलेली बरी. त्यापेक्षा पिस्टन कॉम्प्रेशनच्या माथ्यावर आणून, इंजिन फिरणार नाही असे अडवून, त्याच भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडावी आणि कान द्यावा. एअर फिल्टरकडून फुसफुस आली तर इनटेक व्हॉल्व गळतो, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व. रेडिएटरमध्ये बुडबुडे उठले तर हेड (सिलिंडरांवरचे झाकण) आणि ब्लॉक यांमधले गॅसकेट गेलेले असते किंवा हेडला तडा असतो. ऑइल ओतण्याच्या तोंडातून थोडी हवा नव्या इंजिनातही येते, कारण पिस्टनभोवतीच्या रिंगेच्या दोन टोकांत फट ठेवावीच लागते. जोराचा झोत आला तरच रिंगा आणि बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजले असे म्हणावे.

व्हॉल्वचा दोष निघाला तर आधी टॅपेटचे अंतर, म्हणजे व्हॉल्व आणि तो दाबणारा भाग यांमधली बारीक फट, फीलर गेजच्या पातळ पात्यांनी पाहावे, कारण ते कमी झाल्यास व्हॉल्व पूर्ण बसत नाही आणि दुरुस्ती तासाभरात होते. हे न पाहता 'इंजिन बांधावे लागेल' असे सांगणाऱ्या मिस्त्रीवर माझा विश्वास बसत नाही. व्हॉल्व जळला असेल तर हेड उतरवून तो बदलावा, व्हॉल्व जिथे टेकतो ती सीट घासून घ्यावी आणि पोर्टमध्ये रॉकेल ओतून ते झिरपते का हे पाहावे.

बोअरची झीज वरची रिंग जिथे थांबून उलटी फिरते तिथे सर्वाधिक असते, कारण त्या क्षणी वेग शून्य होऊन ऑइलचा पापुद्रा तुटतो आणि दाब व उष्णताही तिथेच जास्त असतात. बोटाला जाणवणारी कडा तिथे तयार झाली असेल, तर नुसत्या रिंगा बदलणे वाया जाते. बोअरिंग (बोअर कापून मोठे करणे) किंवा नवे लायनर (सिलिंडरच्या आत बसवायची नळी) करावे लागतात. त्यानंतर गाडी रिकामी आणि सावकाश पळवत राहू नये, कारण रिंग भिंतीला घट्ट टेकते ती मुख्यतः जळत्या वायूच्या दाबानेच आणि तो दाब मध्यम भार असल्याशिवाय पुरेसा मिळत नाही.