देशी कंपन्यांचे विदेशी संपादन : आर्थिक लाभ

एखाद्या देशातील मोठ्या, प्रस्थापित कंपनीचे नियंत्रक भागभांडवल दुसऱ्या देशातील कंपनीने विकत घेऊन तिचा कारभार आपल्या हाती घेणे म्हणजे विदेशी संपादन. परदेशी कंपनीने नवा कारखाना उभारला तर त्याच्या लाभांविषयी फारसा वाद होत नाही. चालत्या कंपनीचा मालक बदलतो तेव्हा मात्र लगेच ना नवी यंत्रे येतात ना रोजगार वाढतो. मग देशाच्या पदरात नेमके काय पडले, हा प्रश्न उरतो.

या विषयाच्या सैद्धांतिक विवेचनाचा आरंभ सामान्यतः अर्थशास्त्रज्ञ स्टीफन हायमर यांच्या १९६० च्या प्रबंधापासून मानतात. भांडवल कमी परताव्याच्या देशातून जास्त परताव्याच्या देशाकडे वाहते, एवढ्याने संपादनाचा उलगडा होत नव्हता. केवळ परतावाच हवा तर रोखे घेऊनही भागते. हायमर यांनी नियंत्रणावर बोट ठेवले. परक्या मुलखात कंपनीला स्थानिकांपेक्षा अडचणी जास्त. तरीही ती जाते, कारण तंत्र, नाममुद्रा किंवा व्यवस्थापन असे काही खास तिच्यापाशी असते. त्याचबरोबर प्रतिस्पर्धी संपवणे हाही हेतू असू शकतो, हे त्याच प्रबंधात आहे. पुढे हायमर बहुराष्ट्रीय कंपन्यांचे कडवे टीकाकार झाले. त्यांचा प्रबंध त्यांच्या निधनानंतर, १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. मधल्या काळात त्यांचे मार्गदर्शक चार्ल्स किंडलबर्गर यांनी हा विचार पुढे नेल्यामुळे काही लेखक श्रेय दोघांना देतात. जॉन डनिंग यांनी ब्रिटनमधील अमेरिकी कंपन्यांचा केलेला अभ्यास तर १९५८ चा आहे आणि उत्पादकतेची तुलना त्यात आधीच आढळते. मात्र मालकीच का हवी, या प्रश्नाला थेट भिडले ते हायमर. अग्रमान त्यांना देणे अधिक सयुक्तिक वाटते. दुसरा धागा हेन्री मॅनी यांचा. कारभार ढिसाळ झाला की शेअरचा भाव उतरतो, मग कोणीतरी ती कंपनी उचलतो आणि या धास्तीने व्यवस्थापन जागे राहते, असे त्यांनी १९६५ मध्ये मांडले. परदेशी खरेदीदारांना दार उघडे असेल तर हा धाक वाढतो.

प्रत्यक्ष लाभ मोजताना मुख्य अडचण निवडीची आहे. विदेशी मालकीच्या कंपन्या अधिक उत्पादक दिसतात. पण खरेदीदार मुळात चांगल्याच कंपन्या निवडत असतील, तर सुधारणेचे श्रेय त्यांना कसे द्यावे? येन्स आर्नोल्ड व बीआटा यावोर्चिक यांनी इंडोनेशियातील विकल्या गेलेल्या प्रत्येक कारखान्याला तशाच, पण न विकल्या गेलेल्या कारखान्याची जोड लावून पाहिली. त्यांच्या २००९ मधील निष्कर्षानुसार तीन वर्षांत उत्पादकतेत सुमारे १३.५ टक्के वाढ मालकीबदलामुळे झाली. स्पेनमधील कारखानदारीवरच्या २०१२ च्या अभ्यासात दोन्ही गोष्टी एकदम आढळल्या : खरेदीदार सरस कंपन्याच वेचतात, आणि त्यानंतरही त्या कंपन्या नवी यंत्रे व नव्या पद्धती स्वीकारतात. याचे एक कारण म्हणजे मूळ कंपनीमार्फत परदेशी बाजारपेठ खुली होते. हा पुरावा भक्कम मानायला हरकत नाही.

आजूबाजूच्या उद्योगांना मिळणाऱ्या लाभाविषयी चित्र असे स्वच्छ नाही. व्हेनेझुएलात त्याच उद्योगातील देशी कंपन्यांची उत्पादकता घटल्याचे १९९९ मध्ये दाखवले गेले. लिथुएनियात पुरवठादारांना फायदा झाला (२००४). पण तो देशी-विदेशी संयुक्त मालकीच्या कंपन्यांमुळे, पूर्ण विदेशी मालकीच्या कंपन्यांमुळे नव्हे. संपूर्ण संपादनाचा विचार करताना हा बारकावा निर्णायक ठरतो आणि तो बहुधा वगळला जातो, हे खेदजनक आहे.

आकडेवारीतही एक खाच आहे. आंतरराष्ट्रीय व्यवहारतोलाच्या (देशाच्या परदेशांशी होणाऱ्या आर्थिक व्यवहारांच्या हिशेबाच्या) संकेतानुसार मतदानाचा १० टक्के वा अधिक हक्क मिळवणारी खरेदी प्रत्यक्ष गुंतवणूक म्हणून नोंदली जाते; ताबा मिळालाच पाहिजे असे नाही आणि रोख रक्कम आलीच पाहिजे असेही नाही. ब्रिटनच्या व्होडाफोनने फेब्रुवारी २००० मध्ये जर्मनीची मानेसमान ही दूरसंचार कंपनी मिळवली, ती सुमारे १८० अब्ज डॉलरना. पण किंमत चुकवली शेअरच्या अदलाबदलीने. मानेसमानच्या एका शेअरमागे व्होडाफोनचे जवळजवळ ५९ शेअर मिळाले. जर्मनीच्या आकड्यांत विदेशी गुंतवणूक अतोनात फुगली, तर दुसऱ्या रकान्यात जर्मन भागधारकांकडे परदेशी शेअर आल्याची नोंद झाली. नवे भांडवल उभे राहिले नाही. शिवाय मानेसमानचे निम्म्याहून अधिक शेअर आधीच परदेशी हातांत होते, त्यामुळे विक्रीचा लाभही बराचसा देशाबाहेरच गेला. व्होडाफोनने २००६ मध्ये २३ अब्ज पौंडांहून अधिक रक्कम ताळेबंदातून कमी केली. तिचा मोठा भाग या खरेदीशी निगडित होता. जादा मोजलेला भाव हा विक्रेत्याचा नफा, असे सरसकट म्हणतात. पण शेअर न विकता ठेवणाऱ्या जुन्या भागधारकांनी तोटाही वाटून घेतला.

मंदी वा चलनसंकटाच्या काळात कंपन्या मातीमोल भावाने जातात, हा आक्षेप १९९७-९८ च्या आशियाई संकटानंतर पॉल क्रुगमन यांनी तपासला. खरेदीदार अधिक कार्यक्षम नसून केवळ त्याच्या हाती रोकड आहे, अशा वेळी देशाचा तोटाच होतो.

मुख्यालय गेल्याने काय बिघडते, यावर संशोधन विरळ आहे. मोठ्या कंपन्यांची संख्याच थोडी, म्हणून वर सांगितलेल्या जोडीच्या पद्धतीला तिथे वाव मिळत नाही. अमेरिकेच्या क्राफ्टने २०१० मध्ये ब्रिटनची चॉकलेट कंपनी कॅडबरी घेताना ब्रिस्टलजवळचा सॉमरडेल कारखाना चालू ठेवण्याची ग्वाही दिली आणि ताबा मिळताच काही दिवसांत ती मागे घेतली. कंपन्यांच्या संपादनांवर देखरेख ठेवणाऱ्या ब्रिटनच्या टेकओव्हर पॅनेलने कंपनीला जाहीर ठपका दिला व २०११ मध्ये नियम कडक केले. जपानच्या सॉफ्टबँकेने २०१६ मध्ये आर्म ही चिप-आराखडे करणारी ब्रिटिश कंपनी घेतली, तेव्हा ब्रिटनमधील कर्मचारी पाच वर्षांत दुप्पट करण्याचे वचन कायद्याने बंधनकारक होते.

विदेशी संपादनांची छाननी करणारे बहुतेक देशांचे कायदे राष्ट्रीय सुरक्षेपुरते आहेत. ब्रिटनचा २०२१ चा कायदाही तसाच. कॅनडाच्या १९८५ च्या कायद्यात मात्र देशाचा ‘निव्वळ लाभ’ हीही कसोटी आहे. तिच्या आधारे २०१० मध्ये बीएचपी बिलिटन या खाणकंपनीच्या, पोटॅश कॉर्पोरेशन या कॅनेडियन खतकंपनीसाठीच्या सुमारे ३९ अब्ज डॉलरच्या प्रस्तावाला मंत्र्यांनी प्रतिकूल मत दिले आणि कंपनीने माघार घेतली. पोटॅश कॉर्पोरेशन २०१८ मध्ये अ‍ॅग्रियम या दुसऱ्या कॅनेडियन कंपनीशी एकत्र येऊन न्यूट्रिएन झाली.